मारोतरावांची देवळं

देवळाच्या आवारात शिरलं की माणसं देवाकडे जातात. मारोतराव बैराग्याकडे जायचे. कोणी दाढीवाला दिसला की त्याच्यापुढे उकिडवे बसायचे आणि वीतभर अंतरावरून त्याचं तोंड न्याहाळायचे. एका गोसाव्यानं त्यांना सीआयडी समजून आपली चिलीम विहिरीत टाकली होती. मारोतराव शांतपणे उठले, "बाकी सब ठीक," म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

वाशीमच्या बाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. मोठा दुष्काळ सरला त्या सुमारास त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली. आठवडाभर तिच्यातून वांगी आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, बाजारात जायची, आणि सुटीच्या दिवशी आम्ही दोघं. मी तहसील कचेरीत कारकून. दुसरे वानखडे मास्तर. मास्तर बौद्ध. देवापुढे हात जोडायचे नाहीत, पण हेमाडपंती खांबांवरची नक्षी कागदावर उतरवताना जेवण विसरायचे. मला नुसता फिरायचा शौक. मारोतरावांना कशाचा, ते कळत नव्हतं. घरी पोचलो की माझी बायको माझ्या डोक्यातून सांभाराची पानं वेचायची.

"तुमाले बैराग्यायचा एवढा नाद काहून, मारोतराव?" मास्तरांनी एकदा विचारलंच.

"धाकटा भाऊ हाय माहा. शाम्या," जीप चालवता चालवता ते म्हणाले. "मळ्याले पानी देन्यावरून भांडन झालं. मी म्हनलं, या घरात तुह्यं काई नाई. तसाच निंगून गेला. मंग कोनीतरी सांगतलं, भगव्यात पाह्यला म्हने, एका देवळात."

"कोणत्या?"

"तेच तर नाई सांगतलं."

त्यानंतर नक्षी काढता काढता मास्तरही दाढ्या पाहू लागले.

एकदा पोहरादेवीहून परतताना, मानोऱ्याच्या अलीकडे, आडवाटेच्या एका पडक्या महादेवाच्या देवळाशी पाण्यासाठी थांबलो. विहिरीवर एक बैरागी बादली ओढत होता. मारोतराव जवळ गेले, पण या खेपेला बसले नाहीत.

"शाम्या, घरी चाल."

"तुमी चुकून राह्यले, दादा," तो म्हणाला. "इथं शाम्या कोनी नाई."

त्यानं आम्हां तिघांच्या ओंजळीत पाणी घातलं. बादली रिकामी झाली तरी मारोतराव ओंजळ खाली घेईनात. शेवटी मास्तरांनी त्यांना दंडाला धरून जीपकडे आणलं.

जीप सुरू झाली तेव्हा तो चालत आला. चाकाकडे पाहत म्हणाला, "मायचे गुडगे कसे हायेत?"

आईचा विषय आमच्यापैकी कोणीच काढला नव्हता.

"लय दुखतात," मारोतराव म्हणाले. "उठनं होत नाई तिच्यानं."

त्यानं मान हलवली आणि तो देवळात गेला. मारोतराव उतरून त्याच्यामागे जातील असं वाटलं, पण ते गेले नाहीत. वाटेत एवढंच बोलले, "ओढून नेला तर पुना जाईन तो. मायले घेऊन येतो."

पुढच्या सुटीला जीपमध्ये गादी टाकून त्यांनी आईला आणलं. आम्ही दोघं सोबत होतोच. देवळात कोणी नव्हतं. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो झोळी घेऊन गेला, असं तिथल्या गुराख्यानं सांगितलं. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

म्हातारीला आम्ही उचलून पायरीवर बसवलं. आजूबाजूला पाहून झाल्यावर ती म्हणाली, "काय इचारलं होतं त्यानं? पुना सांग."

मारोतरावांनी सांगितलं. आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

"बरे हायेत म्हनाचं होतं रे," ती म्हणाली. "आता काळजी करत फिरंन तो."

"हाव माय. चुकलंच माहं."

मारोतराव तिच्या पायांशी खाली बसले आणि उन्हं उतरेपर्यंत तिचे गुडघे चेपत राहिले.