नसलेल्या पानांवर लिहिलेलं

एका कादंबरीचा शेवट वाचून मी पदरानं डोळे पुसले, असं मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं होतं. त्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हतीच. आणि ती सोळा पानं ज्या माणसाला सगळ्यात जास्त हवी होती, नेमकं त्यालाच मी हे खोटं वाचायला दिलं. तेव्हा मी फक्त एकसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती.

तो माणूस म्हणजे मनोहर भाऊजी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, पुरानी बस्तीत एकटे राहणारे. नात्यानं आमचे कोणी नाहीत. पण रायपुरात मराठी बोलणारा माणूस सापडला, की चार दिवसांत त्याचा भाऊजी होतो. पुस्तकांवर ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा पाच जणांना गोळा करून त्यांनी 'वर्षात बारा' नावाचं आव्हान काढलं. दर महिन्याला एक पुस्तक, त्याची एकच प्रत. ती पाच घरं फिरणार. प्रत्येकाकडे पाच दिवस, सहाव्या दिवशी ब्लॉगवर लेख. चुकला तो बाद.

पुस्तक यायचं ते मांजरपाटात शिवून. गोल बाजारातून आणलेलं कापड, दाभणानं घातलेले टाके, वर शाईनं माझा पूर्ण पत्ता. आणून देणारे भाऊजी स्वतःच, सायकलवरून.

"अहो, मग पत्ता कशाला?"

"पत्त्याबिगर माल हालत नाही, वहिनी."

वाचून झालं की आपणच परत शिवून द्यायचं. माझे टाके त्यांना एकदाही पसंत पडले नाहीत. "हा माल बिलासपूरपर्यंतबी टिकत नाही," म्हणायचे.

रोज सकाळी सातला फोन. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "पान बोला." आपण आकडा सांगायचा, ते वहीत लिहून घेणार, फोन बंद. एकदा आमच्या ह्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, "मी पेपर वाचून राहिलो." तर पलीकडून, "चालते. पान बोला."

भाऊजींचाही ब्लॉग होता. त्यावरचा एक संपूर्ण लेख असा : "पाने तीनशे चार. बाई शहाणी, नवरा बावळट. बांधणी पक्की." आम्ही हसायचो. आमचे लेख लांबलचक आणि अंतर्मुख करणारे असत ना! माझ्या ब्लॉगचे वाचक सत्तावीस, त्यातले एकोणीस माहेरचे. तरी आरशात बघताना मला समोर एक नामवंत समीक्षक दिसे.

त्या महिन्यात आली ती एक जुनी, बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली कादंबरी. एक बाई घर सोडून जाते, एवढं मला नक्की माहीत होतं, कारण ते साठाव्या पानाआधी घडतं. पुढे भाचीचं लग्न निघालं. पुस्तक राहिलं फराळाच्या डब्यांखाली. सकाळी सातला मी मात्र "एकशे वीस", "एकशे ऐंशी" असे आकडे खणखणीत आवाजात देत होते. सहाव्या दिवशी बसले आणि शेवट मनानंच रचला. बाईला घरी परत आणली, पदरानं डोळे पुसले, लेख टाकला. सूनबाई रायपूरचीच, तिनं विचारलंच, "मम्मीजी, आपने पूरी पढ़ी?" मी म्हटलं, "पोट्टे, समीक्षा वेगळी गोष्ट असते."

डिसेंबरात भाऊजींच्या घरी पोहे आणि बक्षीस. बक्षीस मला! टाके उसवले तर आत तीच कादंबरी. "तुमचा लेख सगळ्यात चांगला होता," ते म्हणाले. मी ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

आव्हानाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात कूलरसमोर बसून मी ती पहिल्यांदा खरोखर वाचली. इतकी गुंतले, की भात लागला. दोनशे सोळाव्या पानावर ती बाई स्टेशनवर उभी आहे, आणि पुढे नुसता बांधणीचा दोरा. पुढलं काही नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुरानी बस्ती गाठली. "भाऊजी, मी खोटं लिहिलं. मला काढून टाका."

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही एकट्याच काहून? एकानं तिले नदीत ढकललं. एकानं मास्तरीण केलं. एकानं वकिलासंग लग्न लावून दिलं. अन् पाचवा हुशार, म्हणे शेवट सांगून रसभंग करत नाही. दोनशे सोळाव्या पानापर्यंत कोणीच पोहोचलं नव्हतं."

मग हळूहळू बाकीचं निघालं. कुमुदताई, त्यांची बायको, त्यांना रोज मोठ्यानं वाचून दाखवायच्या. दवाखान्यात कुमुदताईंना जाड पुस्तक पेलवेना, म्हणून भाऊजींनी शेवटचा सोळा पानांचा जुडगा सोडवून हातात दिला. "उरलेलं वाचून सांगते, म्हणाली. दवाखान्यातून नुसतं तिचं सामान वापस आलं, त्यात पानं नव्हती. नागपूरलेबी शोधून आलो. मग म्हटलं पाच घरं फिरवू, कोणीतरी म्हणेल, भाऊजी, पानं गहाळ आहेत, माझ्याजवळ दुसरी प्रत आहे."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी मला काढलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सातला फोन आला, नव्या पुस्तकासाठी. "पान बोला." मी आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा दिला, "चार." "चार चालते," ते म्हणाले. त्या दोन शब्दांचे उपकार मी विसरलेली नाही. आज एकाहत्तराव्या वर्षी मी जी काही वाचणारी बाई आहे, ती त्या दिवसापासूनची. त्याआधीची नुसती लिहिणारी होती.

ती पानं मात्र मला झोपू देईनात. नागपूर, वर्धा, अमरावती, जिथे म्हणून चुलत-मावस माणूस होता तिथे फोन केले. अखेर यवतमाळच्या मावसबहिणीला एका वाचनालयात प्रत सापडली आणि सोळा पानांची झेरॉक्स आली. मी ती आधी वाचली. बाई काही घरी येत नाही.

पाकीट घेऊन गेले. भाऊजी हात धुऊन आले, पुसले, पानं मोजली. मी म्हटलं, "वाचा. मी समोर बसते." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझं तोंड कधीच काही लपवू शकलेलं नाही. त्यांनी पानं परत पाकिटात सरकवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"सोळा आहेत, बरोबर आहेत. पण वहिनी, तुमच्या लेखात ती घरी येते, पिशवी खाली ठेवते, अन् नवऱ्याले विचारते, जेवलात का? मले तेवढंच पुरते."