टीपॉयवरची वीतभर रेघ

खरा हिरा कसा ओळखायचा, हे मला तरी कुणी शिकवायची गरज नव्हती. बी.एस्सी.ला भूशास्त्र होतं माझं. कठीणपणाच्या पट्टीवर हिरा दहा, काच साडेपाच. काचेवर चरा उमटला की हिरा खरा. संपला विषय!

गोमती नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये विभाभाभींकडे किटी पार्टी होती. हल्ली सगळे खडे नकलीच असतात, असं कुणीतरी म्हणालं. मी साखरपुड्याची अंगठी काढली आणि भाभींच्या नव्या टीपॉयच्या काचेवर दाबून रेघ ओढली. चांगली वीतभर. भाभींनी त्यावर चिकनकारीचा रुमाल अंथरला आणि म्हणाल्या, "असली है भई, अब रहने दो."

अनुपने फेलोशिपच्या पैशांतून घेतलेली अंगठी ती. हेही मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीला खीर भरवताना अंगठीकडे लक्ष गेलं. कोंदण रिकामं! दाबादाबीत सैल झालेला खडा खिरीत पडला असणार, आणि वाटी तर चाटूनपुसून साफ. तिची जीभ वर करून पाहिली, झबलं झटकलं, खुर्ची उलटी केली. सव्वा वर्षाची माझी मुलगी मजेत हसत होती.

अनुप संस्थेतून धावत आला, पण एक्स-रेला तयार होईना. मसुराएवढा खडा, आपोआप पडेल म्हणाला. "हिरा पोलाद कापतो, अनुप! आतड्याची काय कथा?" तरी त्याचं तेच, उगाच किरणं कशाला. एरवी साध्या सर्दीलाही आलेख काढणारा माणूस. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

दवाखान्यात मी डॉक्टरांना आधीच बजावलं, की हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, किरणं त्यातून आरपार जातात, तेव्हा काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फिल्म उजेडात धरली.

"मैडम, दिख तो रहा है."

पोटाच्या बरोबर मध्ये पांढराशुभ्र ठिपका. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. गोल आहे, दोन दिवसांत निघेल, घाबरू नका, असं ते म्हणाले. चार तासांत मी पहिल्यांदा श्वास घेतला. श्वास घेतल्यावर डोकं चालू झालं.

मी अनुपकडे पाहिलं. तो शर्वरीला मोजा घालत होता. त्या पायात एक मोजा आधीच होता.

"फेलोशिप तीन महिने अडकली होती," तो मोज्याला म्हणाला. "आणि आईने साखरपुड्याची तारीख सगळ्यांना कळवून टाकली होती."

खडा दोन दिवसांनी आला. कसा शोधला ते विचारू नका. मग जुनं पुस्तक काढलं. अमेरिकन डायमंडचा कठीणपणा सव्वाआठ ते साडेआठ, म्हणजे काचेवर तोही आरामात रेघ ओढतो. त्याच पानावर होतं, खालच्या ओळीत. मी वरचीच ओळ पाठ केली होती.

भाभींचा फोन आला, "हीरा मिला?"

"मिला, भाभी. डॉक्टर ने एक नज़र में पहचान लिया."

यात खोटं काहीच नव्हतं.

काल त्यांच्याकडे गेले तर टीपॉयवरचा रुमाल गायब. आल्यागेल्याला त्या माझी रेघ दाखवतात म्हणे, असली हिऱ्याची खूण म्हणून. शेजारी आणखी तीन रेघा आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचेच हिरे खरे निघालेत.