उल्हासचं सामुई

"यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत जेवायला आमच्याकडेच यायचं हं, उल्हास," मृणालिनी फोनवर म्हणाली, आणि उल्हासच्या तोंडून निघून गेलं, "नाही वहिनी, मी थायलंडला चाललोय. कोह सामुई म्हणून बेट आहे."

बायको, उमा, वारल्यापासून सुट्ट्या लागल्या की कॅनडातल्या मिसिसागामधली मराठी घरं त्याला पितृपक्षातल्या कावळ्याइतक्या आग्रहानं जेवायला बोलवत. पानात पोळी वाढताना कुणीतरी हमखास हळूच "बिचारा" म्हणे. जेवणाबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला एक डिसेंबर तरी बिचारा व्हायचं नव्हतं, इतकंच.

थाप निभवायची म्हणून त्यानं इंटरनेटवर सामुई पाठ केलं. मोठा सोनेरी बुद्ध, ना मुआंगचा धबधबा, लमाईच्या किनाऱ्यावरचे आजी-आजोबा नावाचे भलत्याच आकाराचे खडक, होडीनं गाठायची आंगथाँगची बेटं, बोफुटचा शुक्रवारचा बाजार. 'कधी जावं' हा परिच्छेद त्यानं सोडून दिला, कारण जायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीचा नवरा चारुदत्त दारात हजर. तो उल्हासच्याच घरांच्या रांगेत राहायचा.

"एअरपोर्टला मी ड्रॉप करणार."

"मी टॅक्सी करतो रे."

"आपली माणसं असताना टॅक्सी? आणि चावी दे. विंटरमध्ये घर रिकामं असलं की रोज चेक करावं लागतं. पाइप फ्रीझ होऊन फुटला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात."

चावी द्यावी लागली. निघायच्या दिवशी एअरपोर्टवर चारुदत्त हात हलवत उभाच राहिला. शेवटी उल्हास वॉशरूममध्ये शिरला आणि तो गेल्याची खात्री होईपर्यंत तिथेच बसला. मग बॅग ओढत बसनं परतला आणि कुणी बघू नये म्हणून मागच्या अंगणातल्या बर्फातून घरात घुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमटीला फोडणी देत असतानाच कुलपात चावी फिरली. गॅस बंद करून तो बेसमेंटमध्ये पळाला आणि घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे दडला. वर नळ उघडून बंद झाले. आता जाईल, असं वाटत असतानाच सोफा करकरला. चारुदत्त चांगला तासभर बसला.

मग तो रोजच येऊन बसू लागला, वर स्वतःसाठी चहाही करू लागला. आपल्याच घरात आपण फर्नेसमागे आणि हा सोफ्यावर, म्हणून उल्हासला आधी संताप आला. पण वर कुणीतरी कप ठेवतंय, खोकतंय, हे आवाज या घरात फार दिवसांनी येत होते. चारुदत्त गेला की घर आणखीच रिकामं वाटे. पुढेपुढे तो सकाळपासूनच चावीची वाट बघू लागला.

गुरुवारी जिन्यावरून हाक आली. "उल्हास, दोन कप चहा टाकलाय. वर ये."

उल्हास खाली मान घालून वर आला. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. बर्फात बुटांचे ठसे आत आलेले, बाहेर गेलेले नाहीत. आणि बंद घरात हिंगाचा वास? शिवाय डिसेंबरात सामुईला धो धो पाऊस असतो. कोण जातं तेव्हा?"

"तुला काय माहीत?"

"गेल्या वर्षी मीपण सगळं वाचलेलं. घरचं कुणी यायला तयार नव्हतं."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

चारुदत्त कपात बघत म्हणाला, "पोरं हेडफोन लावून बसतात. काही विचारलं की 'व्हॉट, डॅड?' इथं खाली कुणीतरी आहे, एवढ्यानंही बरं वाटायचं रे."

 उल्हासनं बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. "बुद्ध बघितलास?" चारुदत्तनं विचारलं. मग उल्हासनं त्याला बसल्याबसल्या शब्दांतूनच बुद्ध दाखवला, पायऱ्या चढवल्या, धबधब्याखाली उभं केलं. आजी-आजोबांच्या खडकांपाशी दोघं पोट धरून हसले.

तेवढ्यात चारुदत्तचा फोन वाजला. मृणालिनी होती. "अहो, किती वेळ? पाइप ठीक आहेत ना?"

"आहेत," चारुदत्त म्हणाला. "पण उल्हास येईपर्यंत रोज यावं लागेल. थंडी फार आहे." फोन ठेवून त्यानं कप पुढे केला. "उद्या शुक्रवार. बोफुटचा बाजार राहिलाय."