एका सुताचा फरक

बंदूक उडवल्यावर जगातला कुठलाही माणूस आधी नेम लागला का ते बघतो. आमचे शेजारी अप्पा सोवनी खाली जमिनीकडे बघतात. धूर विरायच्या आत ते कमरेत वाकून गवतात चिंधी शोधायला लागलेले असतात, आणि पन्नास पावलांवरचं मडकं जसंच्या तसं उभं असतं.

आधी या चिंधीचं सांगायला हवं. अप्पांची बंदूक ठासणीची आहे. तिच्या नळीत तोंडाकडून दारू ओतायची, तोंडावर तेलात भिजवलेली चिंधी अंथरायची, चिंधीवर शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने दोन्ही तळापर्यंत ठासायची. बार उडाला की गोळी पुढे जाते आणि चिंधी दहा-बारा पावलांवर पडते. ती उचलून अप्पा उन्हाकडे धरतात आणि डॉक्टर एक्स-रे बघतो तशी निरखतात.

"फाटली. कापड पातळ. एका सुताचा फरक आहे गजू, एका सुताचा!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अप्पा कारखान्यात आधी फिटर आणि मग चार्जमन होते, त्यामुळे त्यांचं सगळं जग सुतात मोजलेलं. माझ्या बायकोची पुरणपोळी एक सूत जाड असते, माझा भांग एक सूत डावीकडे असतो आणि मंडळाचे चिटणीस पाटणकर अकलेने दोन सूत कमी आहेत. इतकं जाड कापड गोणपाटाचंसुद्धा नसतं हे त्यांनाही माहीत आहे. पण 'किंचित' हा शब्द त्यांच्याकडे नाहीच.

ही बंदूक त्यांनी कशी निवडली ते मी पाहिलंय, कारण अकरा शनिवार मला सोबत नेलं होतं. दुकानात गेले की डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, थेट डोळ्यासमोर आली नाही की, "दस्ता लांब आहे, ठेव." मग नळीत टॉर्च मारून आतले आटे बघायचे, चाप ओढून कानाने ऐकायचा. शेवटी दुकानदार वैतागला.

"अप्पाजी, बंदूक ले रहे हैं कि बहू देख रहे हैं?"

"बहू तो एक मिनट में पसंद कर ली थी, भैया. ये ज़रा ज़िम्मेदारी का काम है."

कारतुसाची घ्या की, सुटाल एकदाचे, असं मी म्हणालो तर माझ्यावरच उखडले. "कारतूस आयतं, बार आयता. मग माणसाने करायचं काय? इथे प्रत्येक बार आपल्या हाताने रांधावा लागतो!" शिकारीला कायद्याने बंदी आहे, म्हणून ही सगळी रांधणावळ मडक्यांसाठी. बंदी आली ते बरंच झालं. नाहीतर अप्पांची तयारी होईपर्यंत हरणं कंटाळून घरी गेली असती.

परवान्याची गंमत तर विचारूच नका. आमची घराणी झाशीत येऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण घरात आम्ही अजून बंदुकीच्या दारूला दारूच म्हणतो. अप्पांनी कचेरीत जाऊन बाबूला सरळ सांगितलं, "साहब, घर में आधा किलो दारू रखनी है."

बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "किलो में?"

"हाँ, सूखी."

"पीते कब हैं?"

"पीते नहीं जी, ठासते हैं! दशहरे के दिन. पूजा के बाद, सबके सामने."

बाबूने त्यांना नशामुक्ती केंद्राचा पत्ता लिहून दिला. अप्पा लालेलाल होऊन घरी आले आणि सोवनीकाकू हसता हसता पाटावरच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या खिशात चिठ्ठी घातली: 'बारूद म्हणा. दारू म्हणू नका. आणि ओरडू नका.' चिठ्ठीप्रमाणे वागले आणि काम झालं.

त्या काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. अप्पांचा नेमही तेव्हापासूनच गेला.

आमच्या मराठी मंडळाची पद्धत अशी. दसऱ्याला सकाळी शस्त्रपूजा करायची, मग सगळ्यांनी गावाबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जायचं, अप्पांनी मडकं फोडायचं आणि मग एकमेकांना सोनं द्यायचं. काकू होत्या तोवर मडकं दरवर्षी पहिल्या बारात फुटायचं. नंतर तीन दसरे झाले, एकदाही फुटलं नाही. लोक आपट्याची पानं हातात धरून उन्हात ताटकळतात, पोरं रडतात, शेवटी कोणीतरी दगड मारून मडकं फोडतं. गेल्या वर्षी तो दगड पाटणकरांनी मारला आणि अप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चालायचंच! फुसका बार!" यंदा तर त्यांनी सभेत जाहीरच केलं की अप्पांना तीन बार मिळतील. नाही फुटलं तर पुढच्या वर्षीपासून चांदमारी बंद, त्याऐवजी ढोल आणू.

अप्पांनी नुसती मान डोलावली. पण माझ्या मनाला ते लागलं. त्या माणसाला वर्षात एकच दिवस चार लोक विचारतात, तोही हे काढून घेणार! म्हणून श्रावणापासून मीच त्यांच्या मागे लागलो. माशी सैल झाली असेल म्हणालो, तर पितळी हातोडीने टिचक्या मारून मारून त्यांनी ती केसभर सरकवली. दारू कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. चष्मा बदलायला लावला. कापडं तर किती झाली! गादीचं झालं, खादीचं झालं, पोत्याचं झालं. माझा एक लेंगा या संशोधनात कामी आला.

"अप्पा, काकूंच्या वेळी कसलं कापड वापरत होता हो?"

"होतं काहीतरी," असं म्हणून ते गज पुसत बसले.

दसरा उजाडला. चांदमारीवर मंडळाची तीसेक माणसं जमली. तिथले रखवालदार यादवजी लांबूनच ओरडले, "काए अप्पाजी, आज मटका फूटहै कै नईं?" अप्पांनी हात जोडले. पांढरा सदरा, काळी टोपी, आणि हात अगदी स्थिर. या माणसाचा नेम चुकतो कसा, हे मला अजूनही कळत नव्हतं.

पहिला बार डावीकडे गेला. अप्पांनी चिंधी शोधली, पाहिली, टाकली. दुसरा बार मडक्यावरून गेला. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि पाटणकर वाकून दगड शोधायला लागले. माझं डोकंच फिरलं.

अप्पा माप डोळ्यासमोर धरून तिसऱ्या बाराची दारू मोजत होते. त्या वेळी ते कोणाकडे बघत नाहीत. चिंधी आणि गोळी तोंडावर ठेवायचं काम माझं. पिशवीत हात घातला तर पोत्याचे तुकडे संपलेले, तळाशी कुंकवाच्या करंड्याएवढी एक पितळी डबी. उघडली. आत जांभळ्या रंगाच्या गोल चिंध्या, एकसारख्या कापलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. वाटलं, म्हातारा विसरलेला दिसतोय. मी एक उचलली, तेलात बुडवली, नळीच्या तोंडावर ठेवली आणि वर गोळी ठेवली.

अप्पांनी गज लावला. गोळी सुरेख, अडखळत नाही आणि निसटतही नाही, अशी आत सरकली. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला.

"गजू. चिंधी कुठली घेतलीस?"

"डबीतली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ठासलेला बार मागे घेता येत नाही, तो उडवूनच मोकळा करावा लागतो. मागे तीस माणसं उभी होती आणि पाटणकरांच्या हातात दगड होता. अप्पांनी गोळी सावकाश तळापर्यंत नेली, घोड्याखाली बार पेटवणारी तांब्याची टोपी चढवली आणि बंदूक खांद्याला लावली. इतका वेळ नेम धरलेला मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. एकच गलका झाला. पाटणकर दगड टाकून टाळ्या पिटत होते. "वा अप्पा! ढोल रद्द! आता दरवर्षी!" यादवजी एक खापर उचलून सगळ्यांना दाखवत फिरत होते.

अप्पा गवतात गुडघ्यांवर बसले होते. मी धावत गेलो. ते चिंधी जिथे पडते तिथे न शोधता भलतीकडेच चाचपडत होते. ती मलाच दिसली. मी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. कडा करपल्या होत्या, मध्ये काळा डाग पडला होता, पण कुठे फाटली नव्हती.

"हिची साडी," अप्पा म्हणाले. "मऊरानीपूरच्या बाजारात घेतलेली. जुनी झाल्यावर म्हणाली, फेकता कशाला, तुमच्या बंदुकीला होईल. हातातली बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल आखायची आणि कापायची. नळीला अशी बसली की मला माशी हलवावी लागली नाही कधी. अठ्ठावीस उरल्या होत्या."

म्हणजे तीन वर्षं त्यांना सगळं ठाऊक होतं. काय चुकतंय ते, कशाने सुधारेल तेही. आणि मी त्यांना चष्मे बदलायला लावत होतो!

"अप्पा, चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुझं काय चुकलं? बार छान भरलास." त्यांनी चिंधी उन्हाकडे धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. "बघ. एक सूतसुद्धा निघालं नाही."

मग त्यांनी डबी मागून घेतली, ती करपलेली चिंधी बाकीच्यांच्या वर ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मागून पाटणकर सोनं द्यायला हाका मारत होते. अप्पा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि गुडघे झटकता झटकता हळूच म्हणाले,

"पुढच्या वर्षी पोत्याचीच दे हं. मडकं काय, पाटणकर फोडतील."