मायाटोपातील तबकड्यांची आणि हिवरतळ्याच्या तहाची हकीकत

आधी गजाननास दंडवत, मग शारदेस, आणि मग ज्या अनाम कारागिराने दोन काचांमध्ये सगळे आकाश कोंडले त्यासही एक नमस्कार. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, शुक्लपक्षी वर्तमान घडले ते ऐसे जे, श्रीमंत रायाजीराव महाराज सुखाने राज्य करीत होते, आणि शेजारी हैबतराव महाराज तितक्याच सुखाने आपले राज्य करीत होते, आणि उभयतां एकमेकांचे साडू होते, कारण दोघांच्या राण्या सख्ख्या बहिणी. दोन्ही राज्यांच्या शिवेवर हिवरतळे म्हणून तळे होते. ते कोणाचे यावरून तंटा लागला. प्रथम गुराख्यांनी काठ्या काढिल्या, मग पाटलांनी तलवारी काढिल्या, आणि मग दोहींकडे तोफा घासावयास बाहेर आणिल्या. तेव्हा थोरली बहीण, म्हणजे रायाजीरावांच्या राणी दर्याबाईसाहेब, यांनी धाकटीशी मसलत केली आणि दोघींनी आपापल्या घरी एकच सांगितले की, "तोफ सुटली तर आम्ही माहेरी जाऊ. माहेर एकच आहे. तिथे दोघी समोरासमोर बसून तुमच्या दोघांविषयी सावकाश बोलू." हे ऐकून उभय महाराजांस घाम फुटला आणि रक्तावाचून निवाडा कैसा करावा याचा शोध सुरू झाला.

मग दूरदेशीचा एक व्यापारी दोन टोप घेऊन आला. त्यास त्याच्या मुलखी हेडसेट म्हणत, आपल्याकडे मायाटोप म्हणू लागले. टोप डोळ्यांवर चढविला की मनुष्य गादीवर बसल्या जागी विमानात जाऊन बसे, खाली नद्या दिसत, वर ढग दिसत, आणि पुढ्यात तबकड्याच तबकड्या. एक वेगाची, एक दिशेची, एक उंचीची. तेव्हा ठराव झाला की उभय महाराजांनी टोप घालावे, मायेतला ढगाळ डोंगर ओलांडावा आणि पलीकडच्या मैदानी विमान उतरवावे. जो धड उतरेल त्याचे तळे. ढगांत डोंगर दिसत नसल्याने सारा भरवसा उंचीच्या तबकडीवर. काटा आठाच्या वर असला तर डोंगर पायाखाली, खाली आला तर डोंगर तोंडापुढे.

रायाजीराव महाराजांनी सरावास आरंभ केला आणि पहिलेच दिवशी डोंगरात शिरले. दरबारी म्हणाले, "डोंगर फार पुढे आला होता, महाराज." दुसरे दिवशी पुन्हा शिरले. दरबारी म्हणाले, "ही डोंगराची आगळीक आहे." तिसरे दिवशी महाराजांनी डोंगर चुकविला आणि नदीत गेले. खरा प्रकार असा की महाराजांस तबकडीवरले आकडे दिसत नव्हते. तिनाचा सहा दिसे, सहाचा तीन दिसे, आणि आठाच्या जागी मुंगी मेल्यासारखे काही दिसे. मग महाराजांनी दिवाण विसोपंत यांस बोलाविले आणि सहज विचारल्यासारखे करून विचारिले, "पंत, हा टोप घाला आणि आकडे कैसे दिसतात ते सांगा." विसोपंतांनी टोप घातला, गादीला घट्ट धरिले, आणि म्हणाले, "स्वच्छ दिसतात, महाराज. मोत्यासारखे." मग सेनापतीस विचारिले. सेनापती म्हणाले, "पंतांस दिसतात त्याहून स्वच्छ."

हे ऐकून महाराज महालात गेले आणि जेवले नाहीत. दर्याबाईसाहेबांनी ताट झाकून ठेविले आणि जवळ येऊन बसल्या. महाराज म्हणाले, "आमचे डोळे गेले. सगळ्यांस दिसते ते आम्हास दिसत नाही. थोरले आबासाहेब असेच हळूहळू आंधळे झाले, तेच आता आमच्या वाट्यास. तळे तर गेलेच, पुढे तुमचे तोंडही दिसणार नाही." राणीसाहेबांनी टोप मागविला, पदर सावरून डोक्यास चढविला, आणि थोड्या वेळाने हसू लागल्या, ते हसू आवरेना.

महाराज म्हणाले, "आमच्या दुःखास हसता?"

"आकड्यांस हसते. मलाही दिसत नाहीत. तबकडीवर कोणी बुक्क्याचे बोट फिरविल्यासारखे दिसते."

"पंतांस मोत्यासारखे दिसले."

मग पंतांस बोलाविले. राणीसाहेबांनी विचारिले, "पंत, उंचीच्या तबकडीचा काटा कोणत्या रंगाचा?" पंतांनी पगडी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बाईसाहेब, मला उंच जागेचे भय आहे. मी डोळे मिटून बसलो होतो." सेनापतींनी टोप उलटा घातला होता असे मागाहून निघाले. महाराजांनी रागे भरावे, परंतु डोळे शाबूत आहेत या आनंदात ते दोघांसही पोटाशी धरू लागले, आणि ताट पुन्हा गरम करून आणावे लागले.

जेवणानंतर राणीसाहेबांनी टोप घालून मान इकडे तिकडे करून पाहिली. मान मागे असता आकडे पुसट, आणि कमरेतून वाकून तोंड तबकडीजवळ नेले की आकडे मोठे आणि ठळक. त्या म्हणाल्या, "युक्ती सापडली. वाकून पाहावे."

महाराज ताठ झाले. "आमच्या घराण्यात कोणी वाकत नाही. देवापुढे वाकतो ते वेगळे. साडूच्या देखत, भर दरबारी, एका तबकडीस मुजरा करावयाचा?"

"न वाकाल तर डोंगरात शिराल, आणि आपल्या सहा गावची गुरे पाण्यावाचून राहतील."

महाराज पाठ फिरवून निजले.

ठरल्या दिवशी शिवेवर शामियाना दिला. उजवी बाजू कोणाची यावर सकाळभर वाद झाला, सबब दोन्ही गाद्या समोरासमोर मांडिल्या. दोहींकडची प्रजा जमली, टोप चढले, आणि उभय महाराज मायेच्या आकाशी गेले. काही वेळात ढग लागले. रायाजीरावांनी ताठ बसून पाहिले तो सगळ्याच आकड्यांच्या मेलेल्या मुंग्या झालेल्या. सहा गावची गुरे त्यांच्या मनात उभी राहिली, हंबरू लागली, आणि महाराज कमरेतून वाकले. काटा सहावर होता. त्यांनी दांडी ओढून विमान वर काढिले. इतक्यात समोरून हैबतरावांचा हलका आवाज आला, "साडूभाऊ, ऐकता का? कोणास सांगू नका. आमची दृष्टी गेली. आमच्या दिवाणास सारे स्वच्छ दिसते, आम्हास काही दिसत नाही."

रायाजीराव गप्प राहिले असते तर तळे त्यांचेच होते. परंतु आपण न जेवता बसलो होतो ते त्यांस आठवले, आणि ते म्हणाले, "डोळे चांगले आहेत तुमचे. तबकडीच तशी आहे. वाका, साडूभाऊ. आणखी वाका. आम्हीही वाकलो आहोत."

हैबतराव वाकले. प्रजेने पाहिले ते ऐसे की, दोन महाराज, ज्यांनी वर्षभर एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते, ते समोरासमोर बसून एकमेकांस लवून मुजरा करीत आहेत, आणि कोणीही मान वर करीत नाही. आधी एक म्हातारा पाटील रडू लागला. मग सनईवाल्यांनी सनई धरिली, पाटलांनी पाटलांस आलिंगने दिली, आणि विसोपंतांनी घाईने पेढे वाटविले.

उभयतां मैदानी धड उतरले, टोप काढिले, तो दोघांच्या गळ्यांत हार. हैबतरावांनी हळूच विचारिले, "हे काय झाले?"

रायाजीराव म्हणाले, "तह झाला असे दिसते."

"आपण तर तबकडीस..."

"ते बोलू नये," रायाजीराव म्हणाले, आणि पेढा तोंडात घातला. पलीकडे दोघी बहिणी सारे समजून तोंडास पदर लावून उभ्या होत्या.

येणेप्रमाणे हिवरतळे सामाईक झाले, तोफांवर पुन्हा गोणपाट पडले, आणि उभय साडू सणावारी एकत्र बसून, एकमेकांस उंची विचारीत विमाने उडवू लागले. एवढे वर्तमान जैसे कानी आले तैसे लिहिले. टोप आम्हास कोणी घालू दिला नाही, तरी आकाश कैसे होते हे आम्हास विचारू नये.