शुएनवहिनींच्या वाफ्यातला पाला

"आमच्याकडे बाजारचा पाला चुकूनसुद्धा येत नाही हं," असं थोआबाईंनी मध्यस्थामार्फत मुलाच्या आईला मुद्दाम कळवलं होतं. आता त्या लिएनबाई आज जेवायला यायच्या होत्या. लेकीचं, न्हुंगचं लग्न आज ठरणार की मोडणार, एवढाच प्रश्न होता. बेत कोळंबीच्या धिरड्यांचा, आणि हुए शहराकडे पुदिना-तुळशीच्या टोपलीभर ताज्या पाल्याशिवाय धिरडं कोण खातं?

सकाळी थोआबाई सुरी घेऊन परसात गेल्या आणि मटकन खालीच बसल्या. वाफ्यात पुदिन्याची काडी उरली नव्हती. बदकं मात्र तृप्त होऊन पंख साफ करत होती.

"मी लावलं होतं गं खुराड्याचं दार," नवरा म्हणाला.

"मग काय बदकांनी कडी काढली?"

पहाटेचा बाजार केव्हाच उठला होता. कुंपणापलीकडे शुएनवहिनींचा वाफा हिरवागार, आणि वहिनी पॅगोडात गेलेल्या. थोआबाई इकडेतिकडे बघत कुंपणाच्या भगदाडातून शिरल्या. पुदिना, तुळस, हाताला येईल ते कापलं, घाईघाईने पाण्यातून काढलं नि टोपलीत रचलं.

जेवण छान रंगलं. लिएनबाईंनी तिसरं धिरडं पाल्यात गुंडाळलं. "काय वास आहे हो! गुण आहे तुमच्या हाताला."

"छे हो, थोडी मेहनत," थोआबाई लाजल्या.

तेवढ्यात कुंपणावरून आरोळी आली. "थोआ! अगं, तुझी बदकं आवर! माझा वाफा पार भादरलाय मेल्यांनी. पहाटेच मामंजींची घागरभर मुरवलेली लघवी ओतलीय त्यात. आठ दिवस तोंड लावायचं नसतं त्याला!"

लिएनबाईंचा हात पुन्हा टोपलीकडे निघालाच होता. गप्प बसावं तर पाहुणीच्या पोटात ते आणखी जाणार, बोलावं तर लेकीचं लग्न जाणार. थोआबाईंनी टोपली ओढून पोटाशी धरली.

"नका खाऊ. पाला वहिनींचा आहे. आणि बदकं नव्हती ती... मी होते."

न्हुंगने मान खाली घातली. थोआबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिएनबाई उठल्या नि तडक कुंपणापाशी गेल्या.

"किती दिवस मुरवता हो?"

"वीस. वर मूठभर राख," शुएनवहिनी म्हणाल्या.

"तरीच! मघापासून म्हणतेय, चव अगदी आमच्या घरच्यासारखी कशी लागते. मी सासूबाईंची घालते." मग त्या न्हुंगकडे वळल्या. "पोरी, लग्नाआधी या काकूंकडून सगळं शिकून ये. धुवायचं कसं तेसुद्धा त्यांच्याचकडून. आईकडून नको."