उभी राहिली की विझणाऱ्या गाडीची बखर

॥ श्री ॥ चालत्यास थांबविणारी आणि थांबल्यास चालविणारी, परंतु कारण कोणासही न सांगणारी जी शक्ती, तीस प्रथम दंडवत घालून मजकूर लिहिला ऐसाजे. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी नदीकाठचे तालुक्याचे राज्यात श्रीपतराव खराडे म्हणोन गृहस्थ नांदत होते. पूर्वी ते सरकारी मोटारींचे आगारात नियंत्रकाचे गादीवर तीस वर्षे बसले, आणि शिट्टी फुंकोन किती मोटारी दाही दिशांस रवाना केल्या यास गणती नाही. परंतु एकाही मोटारीचे झाकण उचलोन आत काय आहे हे त्यांनी कधी पाहिले नाही. गाडी फलाटावरून सुटली की आपले काम सरले, ऐसा शिरस्ता. लोकांस मात्र वाटे की रावांस यंत्रविद्या अवगत आहे, आणि रावांनीही लोकांचा समज मोडण्याची घाई कधी केली नाही.

त्यांचे कुटुंब शेवंताबाई. त्या सालचे श्रावणात बाईंची दोन्ही मूत्रपिंडे थकली, आणि जिल्ह्याचे डॉक्टरांनी हुकूम केला की आठवड्यात दोन वेळा डायालिसिसचे यंत्रावर रक्त धुऊन घ्यावे, पाळी चुकविल्यास अंगात पाणी भरेल आणि छातीवर चढेल. जिल्हा चौदा कोस. सरकारी मोटारीने जाता परतताना बाईंस भोवळ येई, आणि दोन वेळा त्या उतरता उतरता पायरीवर बसोन राहिल्या, मग रावांनी घरची गाडी बाहेर काढिली. गाडी पांढरी, चार दारांची, बावीस वर्षांची, एका गुरांचे डॉक्टरांनी वापरोन दिलेली, आणि तिचे आत अद्याप औषधाचा वास येत असे. मग दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठाचे सुमारास स्वारी कूच करी. राव खासे चक्रास, बाई डावे अंगास पाठीशी उशी घेऊन, आणि दिवसाचे मोजून दिलेले पाणी लहानशा बाटलीत पायाशी. ऐसे तीन मास सुरळीत चालिले.

मार्गशीर्षाचे पहिले सोमवारी जिल्ह्याचे वेशीवर तांबडा दिवा लागला, रावांनी ॲक्सिलरेटरचे पट्टीवरोन पाय उचलिला, आणि गाडी थरथरली, एक उचकी दिली आणि विझली. किल्ली फिरविली, चालू जाहली. पुढील चौकात पुन्हा तोच प्रकार. आणि चमत्कार ऐसा की धावताना गाडीस काही दुखणे नाही, चढ चढे, उतार उतरे, घोड्यासारखी पळे; फक्त उभी राहिली की मेली. राव बहुत बुचकळ्यात पडले. धावता धावता मरती तर मनुष्यास समजते की थकली. परंतु नुसते उभे राहण्यास असे कोणते बळ लागते, हे त्यांस उमजेना. बाई ते दिवशी परतताना बोलिल्या, "अहो, बंद पडायच्या आधी ती सुसकारते. ऐकलंत का?" राव म्हणाले, "टायरचा आवाज असेल." बाई म्हणाल्या, "उभ्या गाडीच्या टायरचा?" परंतु या दुखण्यात कधी कधी कान वाजतात, ऐसे डॉक्टर बोलिले होते, ते रावांनी मनात धरिले आणि विषय सोडिला.

मग नाक्यावरील दस्तगीर मिस्त्रींस पाचारण जाहले. मिस्त्री हाताने काळे आणि जिभेने गोड, चाळीस वर्षे याच कामात. त्यांनी कार्बोरेटर उतरविला, पेट्रोलने धुतला, प्लग नवे घातले, आणि एक लहानसा स्क्रू पिळोन इंजिनाचा आवाज चढविला. गाडी दारात घटकाभर उभी राहोन गात राहिली. राव संतोष पावले आणि मिस्त्रींस चहा दिधला. गुरुवारी पहिल्याच चौकात गाडी विझली. मग शुक्रवारी पुन्हा झाकण उघडले, पुन्हा धुणे, पुन्हा पिळणे. मिस्त्रींनी विचारिले, "चोक ओढला की राहते उभी?" राव म्हणाले, "राहते. पण काळा धूर काढते." "आणि चोक सोडला की?" "मरते." मिस्त्रींनी पान्याने डोके खाजविले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही तर आगारातले. तुम्हाला काय वाटतं?" राव काहीतरी बोलणे भाग म्हणोन गंभीर चेहऱ्याने बोलिले, "हवेचं काहीतरी असावं." मिस्त्रींनी आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, "थंडीमुळं म्हणता? असेल, असेल." आणि दोघेही इंजिनाकडे पाहात उभे राहिले, आणि दोघांसही काही कळले नाही.

शेजारचे गुलाबराव म्हणाले पेट्रोलात पाणी आहे, मग टाकी रिकामी करोन दुसरीकडचे भरिले. गुलाबरावांच्या मातुश्री म्हणाल्या दृष्ट आहे, मग लिंबू बांधिले. जिल्ह्याचे ठिकाणी काचेचा महाल बांधोन गाड्या दुरुस्त करणारे एक मातबर होते, बाई यंत्रावर असता राव गाडी तेथे घेऊन गेले. तेथील गृहस्थ गळ्यात पट्टा घालोन आले, हाती संगणक, आणि गाडीखाली वाकोन पाहिले, चहूकडोन पाहिले, आणि म्हणाले, "काका, या गाडीला वायर जोडायचं तोंडच नाही. आमचं मशीन हिला विचारणार कुठून?" राव म्हणाले, "मग तुम्हीच विचारा." ते हसले आणि म्हणाले, "नवीन घ्या." राव माघारे फिरले. आणि याखेरीज एक गोष्ट होती, जी रावांनी कोणासही सांगितली नव्हती. अलीकडे ब्रेक दाबिता पाय पुरेना. पट्टी दगडासारखी लागे, सर्व बळ लावावे तेव्हा गाडी थांबे. रावांनी जाणिले की पाय गेला, वय जाहले. आणि हे बाईंस कळल्यास त्या गाडीत बसावयाच्या नाहीत, आणि गाडीत न बसल्या तर यंत्रापर्यंत नेणार कोण? मग ते चुलीपुढे बसोन गुपचूप गुडघ्यास तेल चोळीत, आणि बाई ते पाहात.

ऐसे करिता मार्गशीर्ष वद्यातला गुरुवार आला. वाटेत आगगाडीचे फाटक आहे. ते दिवशी फाटक उघडे होते, पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत मुंगीचे पावलाने चालिला होता. मागोमाग रावांची गाडी रुळांवर चढली, आणि ट्रॅक्टर अडखळोन थांबला, रावांस पाय उचलणे प्राप्त जाहले, आणि गाडी दोन रुळांचे मधोमध विझली. किल्ली फिरविली, गुरगुरली, लागली नाही. पुन्हा फिरविली. चोक म्हणोन जे ओढिले त्याने काचेवरील झाडणी सुरू जाहली. इतक्यात फाटकाची घंटा वाजू लागली, आणि गेटमन सोपान घुले हातात हिरवे-तांबडे निशाण घेऊन धावत आले आणि ओरडले, "काका, फाटक पाडायचंय! काढा गाडी!" रावांचे कानात काही शिरेना. ते म्हणाले, "शेवंता, तू उतर." बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही?" "मी गाडी बघतो." "गाडी गेली खड्ड्यात. तुम्ही उतरलात तर मी उतरते." राव उतरेनात, म्हणोन बाई उतरेनात. मग घुले, ट्रॅक्टरवाला आणि मागचे दोन मोटारसायकलस्वार गाडीस भिडले आणि रेटू लागले, परंतु गाडी तसूभर हालेना. घुले खिडकीत तोंड घालोन ओरडले, "अहो, गिअरमधून काढा आधी!" तीस वर्षांचे नियंत्रक, त्यांस हेही सुचले नव्हते. गिअर काढिला, गाडी सरकली, रूळ ओलांडोन बाभळीखाली गेली, आणि फाटक पडले. काही वेळाने मालगाडी आली आणि बहुत वेळ जात राहिली. घुले घाम पुशीत म्हणाले, "फाटक पडल्याबिगर तिला सिग्नल मिळत नाही, ती तिकडंच उभी होती. भिऊ नका." परंतु हे रावांस रुळांवर असता कोणी सांगितले नव्हते.

राव मैलाचे दगडावर बसले. डबे मोजावे तैसे मालगाडीकडे पाहात राहिले, आणि ती गेल्यावर बोलिले, "शेवंता, मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. जन्मभर नुसती शिट्टी फुंकली. आणि पायही गेलाय माझा. ब्रेक दाबला जात नाही. तुला मारलं असतं मी आज." बाई गाडीतून उतरोन जवळ आल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळत नाही ते मला लग्नाच्या वर्षीच कळलं. आहेरात आलेला पंखा तुम्ही उलटा जोडला होता." आणि म्हणाल्या, "आता बोनेट उघडा. गाडी चालू करा चोक ओढून. मी सांगेन तेव्हा सोडा." रावांस वाटले की बाईंस भ्रम जाहला. तरी सांगितले तैसे केले, कारण दुसरा मनसुबा कोणताच उरला नव्हता.

बाईंचे वडील नाटकमंडळीत पेटी वाजवीत, आणि पावसाळ्यात मंडळीचा मुक्काम घरी पडे तेव्हा दहा गावच्या मोडक्या पेट्या दुरुस्त करीत. लहानपणी बाईंकडे एकच काम. भाता दाबोन धरावा, डोळे मिटावे, आणि वारा कोठोन निसटतो ते बोटाने दाखवावे. हे रावांस ठाऊक होते, जैसी कुटुंबाची माहेरची गोष्ट ठाऊक असते तैसे. बाई गाडीपुढे उभ्या राहिल्या. ज्या हातास यंत्राच्या सुया टोचत, तो पदराखाली घेतला, दुसरा पुढे केला, आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "सोडा चोक." रावांनी सोडिला. इंजिन थरथरू लागले. "हे बघा, हेच. सुसकारतंय. हा गळका भाता आहे." आणि इंजिन विझावयाचे आत त्यांनी ब्रेककडे जाणारी एक जाड रबरी नळी चाचपिली आणि तिचे पोटाखाली अंगठा ठेविला. नळीने अंगठा आत ओढिला. आणि इंजिन शांत जाहले, आणि एकसुरी चालू लागले. बाई ओरडल्या, "ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा!" राव म्हणाले, "पाय काढलाय!" बाईंनी अंगठा उचलिला, इंजिन कापू लागले, ठेविला, शांत जाहले. ऐसे तीन वेळा केले. घुले फाटक उघडोन पाहावयास आले होते, त्यांनी तोंडात बोट घातले आणि मग धावत जाऊन सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणिली. बाईंनी ती चिरेवर ओढोन गुंडाळिली, वरोन पिशवीतली दवाखान्याची चिकटपट्टी लाविली, आणि हात पुसोन म्हणाल्या, "चला, माझी पाळी चुकेल."

स्वारी निघाली. पहिले वळणास रावांनी सवयीप्रमाणे सर्व बळ लावोन ब्रेक दाबिला, आणि गाडी जागीच खिळली, आणि दोघांची डोकी काचेस लागता लागता राहिली. बाई म्हणाल्या, "पाय गेला म्हणत होतात ना?" रावांनी पायाकडे पाहिले, ब्रेककडे पाहिले. इंजिन ज्या ओढीने वारा आत घेई, तिचेच बळ ब्रेकासही मिळत असे, आणि नळी चिरता दोघे एकदमच दुबळे जाहले होते, हे पुढे मिस्त्रींनी सांगितले. ते समयी रावांस इतकेच उमजले की पाय आहे. त्यांचे डोळे भरोन आले आणि काही अंतर त्यांस रस्ता नीट दिसेना. दवाखान्यात पोहोचावयास पाऊण तास उशीर जाहला. नर्सबाई रागे भरल्या, परंतु खुर्ची राखोन ठेविली होती.

शुक्रवारी दस्तगीर मिस्त्रींनी नवी नळी घातली, आणि जुनी हाती घेऊन वाकवोन पाहिली, तो पोटाकडोन चीर उघडली, वरोन काही दिसत नव्हते. मिस्त्री कानास हात लावोन म्हणाले, "साहेब, तुम्ही पहिल्यांदाच हवेचं म्हणाला होतात. मीच येडा." रावांस ती पदवी घेणे सोपे होते. परंतु ते म्हणाले, "मला काही कळत नव्हतं, मिस्त्री. तोंडाला आलं ते बोललो. ओळखलं ते हिनं." मिस्त्रींनी ओसरीवर बसलेल्या बाईंकडे पाहिले, आणि मग पान्याने पुन्हा डोके खाजविले.

सोमवारी वेशीवर तांबडा दिवा लागला. गाडी उभी राहिली आणि चालू राहिली, आणि रावांचे हातापायांस काही काम उरले नाही. ते म्हणाले, "शेवंता, माणूस वाऱ्यावर जगतो. मग ही वारा जास्त झाला म्हणून कशी मरते?" बाई म्हणाल्या, "जायचा त्या वाटेनं जावा, आणि लागेल तितकाच जावा." राव विचारात पडले. मग म्हणाले, "पण मग धावताना कशी चालते? तेव्हाही चीर होतीच की." बाईंनी समजाविले, की धावताना इतका वारा घेते की चिरेतला थोडका वारा खपोन जातो. राव म्हणाले, "मला अजून नीट समजलं नाही." बाई म्हणाल्या, "राहू द्या. हिरवा झाला."

सारांश, त्या सालचे मार्गशीर्षात खराडे यांचे राज्यात गाडी तीन आठवडे विझत राहिली, शहाणे थकले, आणि एका आजारी बाईने अंगठ्याने ती राखिली. पुढे चार वर्षे दर सोमवारी आणि गुरुवारी स्वारी बिनघोर गेली आणि आली. गाडी का विझे याचे कारण रावांस शेवटपर्यंत कळले नाही, आणि ते तसे कोणी विचारिल्यास उघड सांगत. इतके वर्तमान खरे, इत्यलम्.